कार्निव्हलसाठी जलपरीचा गाऊन: परकरापासून मुकुटापर्यंत

रिसेप्शनचा गाऊन एसी हॉलमध्ये दोन तास मिरवतो. कार्निव्हलचा गाऊन फेब्रुवारीच्या दुपारी गोव्याच्या दमट उन्हात चित्ररथावर चढतो, उतरतो, ब्रास बँडच्या तालावर नाचतो आणि अंधार पडेपर्यंत अंगावर असतो. म्हणून त्याची सुरुवात टिकल्यांपासून करू नका. तो आतून बाहेर शिवायचा असतो. आधी परकर, मग घेर, मग चोळी आणि सगळ्यात शेवटी खवले नि चमक. हा क्रम पाळला तर घरच्या साध्या शिलाई मशीनवरही तो उत्तम होतो.

मी इथे जलपरीचा गाऊन घेतला आहे, कारण कार्निव्हलला समुद्राची कल्पना शोभते आणि खवले, लाटा, कल्ले यांत हाताच्या कामाला भरपूर वाव मिळतो. तुम्हाला वनदेवी किंवा रात्रीची राणी करायची असेल तरी सांगाडा हाच राहील, फक्त वरचं काम बदलेल.

दिवसांचा हिशेब

कार्निव्हल ख्रिस्ती लोकांच्या लेंटच्या उपवासकाळाआधी येतो. शनिवारी किंग मोमोच्या, म्हणजे कार्निव्हलच्या गमतीच्या राजाच्या, आगमनाने सुरू होतो आणि मंगळवारी संपतो. पणजीची मोठी मिरवणूक शनिवारी दुपारी निघते, पुढच्या दिवसांत मडगाव, वास्को, म्हापसा यांची पाळी येते. तारीख दरवर्षी सरकते. ईस्टरच्या रविवारापासून ५० दिवस मागे मोजले की कार्निव्हलचा शनिवार मिळतो. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे तो शनिवार ६ फेब्रुवारीचा.

त्या शनिवारापासून सहा आठवडे मागे या आणि तिथे काम सुरू करा. पहिल्या आठवड्यात माप, कापडखरेदी आणि परकर. दुसऱ्यात घेर. तिसरा आणि चौथा चोळीसाठी, कारण फिटिंगला घाई चालत नाही. पाचवा पूर्ण खवल्यांना. सहावा आठवडा रिकामा ठेवा. तो रिकामा राहत नाही, पण ठेवायचा.

कापड

चोळीला आणि घेराला जाडसर साटीन घ्या. कापड मुठीत आवळून सोडा. चुण्या लगेच सुटल्या तर ठीक, तशाच राहिल्या तर ते कापड चित्ररथावर बसल्यावर चुरगळणार. अस्तर मात्र शंभर टक्के सुती हवं. पॉलिएस्टर साटीनखाली पॉलिएस्टर अस्तर लावलं की घाम जिरायला जागाच उरत नाही. दुकानदार कॉटन म्हणून काहीही हातात ठेवतो, त्यामुळे कडेचे दोन धागे काढून पेटवून बघा. सुती धागा कागदासारख्या वासाने जळतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतो.

खवले आणि लाटा यांच्यासाठी ऑर्गेंझा, म्हणजे पातळ, पारदर्शक पण ताठ कापड, घ्या. त्याचे हिरव्या-निळ्याचे तीन टप्पे हवेत: गडद, मधला आणि फिकट. परकराला कडक कॅनकॅन नेट लागेल, चोळीच्या आतल्या थराला सुती ड्रिल (जाड, घट्ट विणीचं कापड) आणि चाचणीच्या चोळीला मांजरपाट. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लेस, मणी, रिबिनी मिळतात. मुंबईहून कुणी येणार असेल तर कापड मंगलदास मार्केटमधून आणि टिकल्या-लेस भुलेश्वरमधून मागवा. पुण्याचे वाचक रविवार पेठेत जातीलच.

ड्रिल, मांजरपाट आणि अस्तर रात्रभर भिजत घालून, वाळवून, इस्त्री करूनच कापा. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. ते आटणं शिवल्यानंतर झालं तर आतला थर बाहेरच्या साटीनला खेचतो आणि पुढे कितीही इस्त्री केली तरी सुरकुती जात नाही.

माप कधी घ्यायचं

छाती, छातीखालचा घेर, खांद्यापासून छातीचं टोक, खांद्यापासून कंबर, पाठीची रुंदी आणि मुंढा ही मापं नेहमीसारखी घ्या. कंबरेला नाडी बांधून दोनदा वाकायला सांगा. नाडी जिथे स्थिरावते तीच खरी कंबर.

घेराची दोन मापं मात्र आत्ता घेऊ नका. कंबर आणि लांबी कॅनकॅनचा परकर अंगावर चढल्यावर घ्यायची. परकर कंबरेचं माप वाढवतो, आणि जाळी घेराला बाहेर ढकलते त्यामुळे कापड वर उचललं जातं. मिरवणुकीत जे घालणार ते पादत्राण पायात असताना लांबी मोजा, आणि जमिनीपासून तीन इंच वर थांबा. लोळणारा घेर फोटोत छान दिसतो, पण रस्त्यावर त्यावर आधी मागच्या माणसाचा पाय पडतो.

परकर

साडीखाली नेसतो तोच सुती, कळीदार परकर घ्या. घरात असलेलाही चालेल. लांबी ३८ इंच धरली तर कंबरेपासून ७, १६ आणि २५ इंचांवर खडूने सरळ रेघा मारा. प्रत्येक रेघेवर १४ इंच रुंदीची चुणीदार जाळी बसेल, म्हणजे वरचा थर खालच्यावर पाच इंच येईल आणि शेवटची जाळी ३९ इंचांवर संपेल. गाऊन ४२ इंच लांब असेल तर जाळी खालून डोकावणार नाही.

प्रत्येक रेघेवर परकराचा जितका घेर, त्याच्या दुप्पट लांबीची जाळी लागते. साधारण सव्वा, दोन आणि पावणेतीन मीटर अशा रेघा आल्या तर एकूण बारा मीटर पट्टी हवी. ४४ इंच पन्ह्याच्या (कापडाच्या रुंदीच्या) जाळीतून उभ्या तीन पट्ट्या निघतात, त्यामुळे चार मीटर जाळी पुरते. अधिक फुगीर हवा असेल तर खालच्या दोन रेघांवर दुहेरी जाळी लावा. वरच्या रेघेवर नको, नाहीतर नितंब उगाच मोठे दिसतात.

जाळीला चुण्या घालताना मशीनचा टाका सगळ्यात लांब ठेवून दोन समांतर टिपा मारा आणि खालचे दोन्ही दोरे एकत्र ओढा. एकच टीप असेल तर दोरा तुटतो. जाळी परकराच्या बाहेरून लावली जात असल्याने पायाला लागतो तो सुती परकर, आणि कित्येक तास नाचणाऱ्या पायांना ते फार सुखाचं असतं.

आठ कळ्यांचा घेर

पूर्ण गोल घेराचा मोह होतो, पण ४४ इंच पन्ह्यात या लांबीचा गोल जोड दिल्याशिवाय बसत नाही. कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा उभ्या तुकड्यांचा, घेर कापड वाचवतो, कंबरेला चापून बसतो आणि प्रत्येक शिवण उभी जात असल्याने अंग सडपातळ दिसतं.

परकरावरून कंबर २८ इंच आली असं धरू. भागिले आठ, म्हणजे साडेतीन. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया (शिवणीसाठीचं जास्तीचं कापड) सोडली की कळीचं वरचं टोक साडेचार इंच. खालचं टोक १९ इंच ठेवा. माया वजा जाता १८ उरतात आणि आठ कळ्यांचा घेर १४४ इंच, म्हणजे बरोबर चार वार होतो. चालायला मोकळा आणि चित्ररथाच्या शिडीवर एका हातात गोळा करता येईल इतकाच. लांबी ४२ इंच, वर-खाली मिळून दोन इंच माया, म्हणजे कापताना ४४.

आता कापडाचा हिशेब. एक कळी सुलटी, एक उलटी अशा मांडल्या तर पन्ह्यात तीन बसतात (१९, साडेचार आणि १९ मिळून साडेबेचाळीस) आणि साडेतीन मीटरमध्ये काम होतं. पण साटीनची चमक एका दिशेची असते. उलटी कापलेली कळी सरळ कळीच्या शेजारी उन्हात वेगळ्या रंगाची दिसते. ट्यूबलाइटखाली ते कळतही नाही. म्हणून साटीन आणि मखमल यांच्या सगळ्या कळ्या एकाच दिशेने कापा. पन्ह्यात दोनच बसतील, पावणेपाच मीटर कापड लागेल. हा खर्च टाळू नका. दोन कळ्यांमध्ये उरणारे तिकोनी तुकडे फेकू नका, कल्ल्यांना आणि मुकुटाला तेच उपयोगी येतील.

प्रत्येक कळीची तिरपी बाजू मधल्या रेषेपेक्षा थोडी लांब भरते. त्यामुळे वरच्या टोकापासून टेप पंख्यासारखा फिरवत ४४ इंचांवर खुणा करा आणि खालची कड गोलाईत कापा. साटीनला टाचण्या फक्त मायेत लावा, बाहेर लावलेल्या टाचणीचं भोक राहतं. सुई नवी आणि ११ नंबरची घ्या. शिवताना कळीच्या वरून खाली जा आणि सगळ्या शिवणींना हीच दिशा ठेवा.

डाव्या शिवणीत वरून आठ इंच उघडं ठेवून तिथे चेन बसवा. उजव्या शिवणीत खिसा. मोबाइल, पाण्याला सुटे पैसे, रुमाल ठेवायला जलपरीलाही खिसा लागतोच. कंबरपट्टी दीड इंचाची, आत कॅनव्हास, आणि दोन मजबूत हुक.

खालची दुमड लगेच घालू नका. घेर परकरावर चढवून निदान एक रात्र, जमलं तर दोन दिवस टांगून ठेवा. उरेब (तिरप्या कापलेल्या) कडा आपल्याच वजनाने ताणल्या जातात आणि काही ठिकाणी घेर खाली उतरतो. मग तो नेसून उभं राहायला सांगा आणि जमिनीवर फूटपट्टी उभी धरून सगळीकडे सारख्या उंचीवर खडूची खूण करा. त्यानंतरच कापा आणि दुमडा.

चोळी

चोळी आणि घेर वेगळे ठेवा, असं माझं ठाम मत आहे. जोडलेला गाऊन अखंड दिसतो खरा, पण मिरवणुकीतल्या बाईला बाथरूमला जायचं असतं, खायचं असतं, बसायचं असतं. चोळी कंबरेच्या खाली तीन इंच टोकदार आली की जोड दिसत नाही.

पॅटर्न शून्यातून काढत बसू नका. अंगाला चपखल बसणारा प्रिन्सेस कटचा, म्हणजे छातीवरून खाली उभ्या शिवणी जाणारा, ब्लाऊज घ्या, प्रत्येक भाग कागदावर सपाट धरून कडा उतरवून घ्या, आणि छातीखालून कंबरेपर्यंत, मग आणखी तीन इंच खाली रेघा वाढवा. छातीखालचा घेर, कंबर आणि कंबरेखालचा भाग यांची मापं तिथे जुळवा. कंबर इथेही परकर आणि घेर नेसूनच मोजा. कटोरी ब्लाऊज यासाठी चालत नाही. त्याच्या आडव्या शिवणी ताणाखाली वर सरकतात.

आधी मांजरपाटाची चोळी शिवा, माया एक इंच, पाठीमागे टाचण्या. ती घालून हात वर करायला सांगा, खुर्चीत बसायला सांगा, खोल श्वास घ्यायला सांगा. कापडावरच्या सुरकुत्या वाचायला शिका. आडवी सुरकुती म्हणजे तिथे घट्ट. एखाद्या ठिकाणाकडे बाणासारखी तिरपी जाणारी सुरकुती त्या जागेला कापड कमी पडतंय असं सांगते. उभी लोंबती घडी म्हणजे जास्तीचं कापड. मुंढ्याखाली पुंजका आला तर मुंढा पाव इंच खोल करा. खडूने सगळ्या दुरुस्त्या मांजरपाटावर नोंदवून शिवण उसवा आणि तेच तुकडे पॅटर्न म्हणून वापरा.

आता खरी चोळी. प्रत्येक तुकडा साटीनचा आणि ड्रिलचा असा दुहेरी कापा. दोन्ही एकमेकांवर ठेवून कडेने कच्ची टीप घाला आणि पुढे तो एकच थर समजून शिवा. ताण ड्रिल घेतं, साटीन फक्त दिसायला. या जाड थरांना १६ नंबरची सुई वापरा.

चोळी ताठ राहण्यासाठी आत काड्या हव्यात. बाजारात बोनिंग मिळतं, पण हार्डवेअरच्या दुकानातले रुंद केबल टायही तितकेच चांगले. डोकं कापून टाका, टोकं कात्रीने गोल करा, कानशीने घासा आणि चिकटपट्टी गुंडाळा. पुढच्या दोन प्रिन्सेस शिवणी, दोन्ही कुशी आणि पाठीच्या उघड्या कडांपाशी प्रत्येकी दोन अशा आठ काड्या पुरतात. शिवणीवर आतून पट्टी लावून बोगदा करा. काडी बोगद्यापेक्षा दोन्हीकडे अर्धा इंच आखूड ठेवा, नाहीतर शेवटची टीप घालताना सुई तिच्यावर आपटून तुटते.

पाठीला चेन न लावता नाडीची बांधणी करा. महिनाभरात अंग थोडं कमी-जास्त होतं, आणि पुढच्या वर्षी हाच गाऊन बहिणीला घालायचा असतो. दोन्ही कडांमध्ये दोन इंच फट राहील इतकी चोळी अरुंद ठेवा, कडांच्या आत कॅनव्हास घाला आणि एकेक इंचावर धातूच्या रिंगा बसवा. रिंगांचं पंच घरी नसेल तर बॅगा-चपला दुरुस्त करणारा काही मिनिटांत बसवून देतो. प्रत्येक रिंग दोन काड्यांच्या मध्ये आली पाहिजे, तरच नाडी खेचल्यावर कड वाकत नाही. ओवायला साटीनची रिबीन नको, ती सुटते. चपटी सुती नाडी रंगवून घ्या. फटीमागे पाच इंच रुंदीची पट्टी एका बाजूला शिवा.

आतून कंबरेच्या रेषेवर एक इंची न ताणणारी पट्टी प्रत्येक शिवणीला टाके घालून बसवा आणि मागे हुकने बंद करा. आधी ही पट्टी लावायची, मग नाडी बांधायची. सगळा ताण ती घेते आणि चोळी वर चढत नाही. खांदे उघडे हवे असतील तर त्वचेच्या रंगाच्या जाळीचा गळा आणि बाह्या जोडा. नाचताना चोळी सावरत बसणं फार केविलवाणं असतं.

सगळ्यात शेवटी सुती अस्तर, आणि काखेत अस्तराचाच दुहेरी तुकडा हाताने टाका. तो काढून धुता येतो.

खवले

जलपरीचं खरं रूप इथे येतं, म्हणून इथे रेंगाळायचं. पत्र्याच्या डब्याचा कापलेला तुकडा किंवा जाड पुठ्ठा दोन इंच रुंद, अडीच इंच लांब पाकळीच्या आकारात कापून घ्या. पॉलिएस्टर ऑर्गेंझा लाकडी पाटावर पसरा, साचा दाबून धरा आणि पेटलेली अगरबत्ती त्याच्या कडेने फिरवा. कापड कापलंही जातं आणि कड वितळून बंदही होते, एक धागा सुटत नाही. कडेला बारीक तपकिरी रेघ येते. गडद रंगावर ती उठून दिसते आणि खवला खराखुरा वाटतो. अगरबत्ती एका जागी थांबवू नका, भोक पडतं. पंखा बंद, खिडकी उघडी, शेजारी पाण्याचं भांडं आणि लहान मुलं दुसऱ्या खोलीत. सुती किंवा रेशमी ऑर्गेंझावर हे करू नका, तो वितळत नाही, जळतो.

चोळीच्या खालच्या भागावर ३४ इंचांच्या घेरात एका ओळीला १७ खवले बसतात. एकेक इंचावर बारा ओळी घेतल्या तर २०४. तीस-चाळीस जास्तीचे कापा. सर्वांत खालच्या ओळीपासून सुरुवात करा आणि मंगलोरी कौलं शाकारतात तसे वर जा: वरची ओळ खालच्या ओळीचे टाके झाकते, आणि प्रत्येक खवला खालच्या दोन खवल्यांच्या फटीवर येतो. खाली गडद, मध्ये मधला, वर फिकट. मात्र रंग एका ओळीत तोडू नका. जिथे बदल करायचा तिथे तीन ओळींत दोन्ही रंग मिसळा, म्हणजे खोल पाण्यातून वर आल्यासारखा रंग सरकतो.

खवला फक्त वरच्या टोकाला, हातानेच, दोन टाक्यांत लावा. तिसऱ्या टाक्यात एक मणी किंवा टिकली. खालचं टोक मोकळं राहिलं की वाऱ्यावर आणि चालण्यावर ते हलतं. ग्लू गनने चिकटवण्याचा वेळ वाचतो खरा, पण तो गोंद उन्हात, विशेषतः बंद गाडीत ठेवलेल्या कपड्यावर, मऊ पडतो. अंगावरचं काहीही चिकटवू नका, शिवा.

लाटा

घेराच्या खालच्या कडेला ऑर्गेंझाच्या लाटा लावायच्या. ऑर्गेंझातून रुंद कडी कापा: आतला गोल सहा इंच व्यासाचा, बाहेरचा सोळा. एका ठिकाणी कापून उघडली की आतली कड साधारण १९ इंचांची सरळ होते आणि बाहेरची आपोआप लाटेसारखी लहरते. अशा आठ कड्या एकमेकींना जोडल्या की १४४ इंचांच्या घेराला पुरतात.

बाहेरच्या कडेत मासेमारीचा तंगूस (नायलॉनचा ताठ दोरा) घाला. कड पाव इंच दुमडा, घडीत तंगूस ठेवा आणि वरून अरुंद झिगझॅग टीप मारा. सुई तंगूसाच्या दोन्ही बाजूंना पडली पाहिजे, तंगूसात नाही. शिवताना कड हलकेच ताणत रहा. झिगझॅग नसलेल्या मशीनवर सिंगल टीप तंगूसाला खेटून मारली तरी चालतं. टीप संपली की कड बोटांनी वळवा. ती ताठ, गोलसर लाट धरते आणि दमट हवेतही बसत नाही. मंगळूर-मालवणच्या बाजूला तंगूस कुठल्याही जाळ्यांच्या दुकानात मिळतो.

मुकुट आणि तालीम

मुकुट हलका हवा, एवढंच महत्त्वाचं. फोम शीटचे कल्ले कापा, उरलेल्या साटीनचे तिकोन त्यावर चढवा, आणि सगळं कापड गुंडाळलेल्या हेअरबँडवर शिवा. दोन्ही टोकांना केसांचे कंगवे टाका. मांडवीवरून वारा येतो तेव्हा नुसत्या पिना तग धरत नाहीत.

मिरवणुकीच्या एक आठवडा आधी पूर्ण पोशाख घालून तासभर वावरा. जिना चढा, खुर्चीत बसा, पाणी प्या, भर उन्हात गच्चीवर नाचा. जिथे टोचतं तिथे आतून मऊ सुती पट्टी लावा. त्याच दिवशी घेर वर धरून बाथरूमला जाऊन बघा. मिरवणुकीच्या दिवशी पिशवीत सुई-दोरा, सेफ्टी पिना, जास्तीचे दहा-बारा खवले आणि एक सुटी नाडी असू द्या. ऑर्गेंझा आणि जाळी क्षणात पेटतात, म्हणून फटाके, शेगडी, सिगारेट यांच्यापासून लांब राहा, आणि सोबतच्यांनाही तसं सांगून ठेवा.

परत आल्यावर गाऊन तसाच कपाटात कोंबू नका. काखेतले तुकडे आणि परकर धुवा, चोळी उलटी करून ओल्या सुती फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. घेर हँगरला कंबरपट्टीने लटकवा, चोळी जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून सपाट ठेवा. खवल्यांचं काम फक्त चोळीवर असल्यामुळे घेर आणि परकर काही आठवड्यांनी शिगमोच्या (गोव्याच्या होळीच्या सणाच्या) चित्ररथावरही वापरता येतात. लाटा उसवून तिथे जरीचा काठ लावला आणि वर खणाची चोळी घातली की झालं.